तांडेलाचे थांबणे

वैनगंगेच्या तीरी राहणाऱ्या आम्हा बालाघाटकरांस समुद्राची ओळख नकाशापुरतीच. परंतु नदीला पूर आला म्हणजे डोंगेवाला काठावर स्वस्थ बसतो आणि पैलतीरी जाण्यास उतावीळ झालेला प्रवासी त्याच्यावर चरफडतो, हे दृश्य आमच्या परिचयाचे आहे. डोंगेवाल्याचे हेच शहाणपण कोकणच्या दर्यावर कसे पाळले जात असे, ते आज वाचकांस सांगावे असे आम्हांस वाटते.

रत्नागिरीहून मुंबई समुद्रमार्गे सुमारे 120 सागरी मैल. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 साली खुला झाला. त्यापूर्वी कित्येक पिढ्या नारळ, लाकूड, कौले आणि माणसेही शिडाच्या गलबतांतून या वाटेने गेली. ही वाट सरळ नव्हती. पावसाळा सोडला तर तेथे पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. हा खारा वारा बहुधा वायव्येचा, म्हणजे मुंबईस जाणाऱ्याच्या जवळजवळ तोंडावरच! म्हणून तांडेल उजाडण्यापूर्वी नांगर उचली, मतलईवर शीड फुगवून किनाऱ्यापासून दूर जाई आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर तिरक्या चालीने परत किनाऱ्याकडे येई. अंधारात तो शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली पाही. वजनाच्या बुडाला लावलेल्या मेणास वाळू चिकटली की चिखल, यावरून आपण कोठे आहोत हे तो ताडी. मुंबईजवळ खांदेरीचा दीप 1867 पासून त्याला वाट दाखवू लागला.

वारा फिरला तर? तर थांबावयाचे. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा अशी आसऱ्याची बंदरे वाटेवर होती. तेथे एक दिवस जावो की चार, त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. जून लागला म्हणजे तर गलबते किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारीत. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून नव्या हंगामास आरंभ होत नसे.

पुढे यंत्राची आगबोट आली आणि वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, असे माणसास वाटू लागले. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास अगदी थोडा. परंतु काशाच्या खडकाजवळ उसळत्या लाटांत ती कलंडली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. रेवसच्या कोळ्यांनी आपली होडकी तिकडे वळवून हाती लागतील तेवढ्यांना वाचविले. त्या दिवशी किती घरी ताट वाढून ठेवलेले तसेच राहिले असेल!

आज होडीवर यंत्र आहे, उपग्रह वाट दाखवितो, वादळाची सूचना आगाऊ मिळते. तथापि सूचना मिळणे निराळे आणि ती ऐकून थांबणे निराळे. शिडाचा तांडेल भित्रा नव्हता. किनाऱ्यावर आपली वाट पाहणारी माणसे आहेत, याचे त्याला विस्मरण होत नसे.

तेव्हा वाचकहो, येत्या श्रावणात वैनगंगेच्या काठी डोंगेवाला “आज नाही” म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. घरी निरोप धाडा, आणि उद्या जा.