सागाच्या पानांची जाळी आणि तापणारे हवामान

यवतमाळ : पावसाळा ओसरू लागला की पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी परिसरातील सागवनांत काही वर्षी एक विचित्र दृश्य दिसते. हिरवी असायला हवीत ती झाडे तांबूस, करपल्यासारखी दिसू लागतात. वणवा लागून गेला असावा, असे रस्त्याने जाणाऱ्यास वाटते. जवळ जाऊन पाहिल्यास पानांच्या केवळ शिरा उरलेल्या आढळतात. मधला हिरवा भाग एका लहानशा अळीने फस्त केलेला असतो.

सागाच्या पानांचे दोन प्रमुख शत्रू आहेत. पहिली अळी पावसाच्या आरंभी फुटणारी कोवळी पालवी खाते. दुसरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात जून पानांची जाळी करते. दोन्ही अळ्या भारतीय सागवनांच्या जुन्याच रहिवासी होत. झाड सहसा मरत नाही, त्याला पुन्हा पालवी फुटते. परंतु खोडाची वाढ खुंटते. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर येथील तरुण रोपवनांत केलेल्या व 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ तब्बल 44 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. दुसरी अळी येते तेव्हा वर्षाची बरीचशी वाढ झालेली असते; त्यामुळे तिचे नुकसान डोळ्यांत भरणारे असले तरी तुलनेने कमी असते.

तापमानवाढीचा संबंध येथे येतो. कीटकांच्या शरीराचे तापमान हवेनुसार बदलते. ऊब वाढली की अंडी, अळी, कोष व पतंग हे चक्र एका मर्यादेपर्यंत वेगाने पूर्ण होते. अनुकूल हवेत या अळ्यांची एक पिढी तीन ते चार आठवड्यांत तयार होते. प्रत्येक पिढीचे काही दिवस वाचले, तर त्याच हंगामात आणखी एक पिढी निघू शकते. भारताचे सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात याचे टोक पाहावयास मिळाले. कडाक्याची थंडी पूर्वी खोडकिड्याच्या अळ्या मारीत असे. हिवाळे सौम्य झाल्यावर 1990च्या दशकापासून या किड्याने सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर पाइनवनाला ग्रासले.

यवतमाळचे गणित मात्र इतके सरळ नाही. येथे उन्हाळ्यात पारा 44 अंशांपलीकडे जातो आणि मर्यादेबाहेरचे ऊन कीटकांनाही सोसवत नाही. खरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. पालवी केव्हा फुटते हे पावसावर ठरते, मुसळधार सरी लहान अळ्यांना धुऊन टाकतात, तर अळ्यांवर जगणारे परजीवी मित्रकीटक त्यांच्या मागोमाग वाढतात. पावसाचे आगमन व खंड बेभरवशाचे झाले की ही साखळी विस्कळीत होते. मित्रकीटक मागे पडले, तर अळीला मोकळे रान मिळते. म्हणूनच एखाद्या वर्षीच्या प्रादुर्भावाचे खापर थेट तापमानवाढीवर फोडता येत नाही. धोका वाढतो, एवढेच म्हणता येते.

मग जंगलात फवारणी करावी काय? 2017 मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. जंगलात तर विषाबरोबर मित्रकीटक आणि पक्षीही जातील. अळीचे हे नैसर्गिक शत्रू नाहीसे झाल्यास पुढील प्रादुर्भाव अधिक तीव्र होऊ शकतो. केरळच्या संशोधकांनी पालवी खाणाऱ्या अळीला रोगी करणाऱ्या विषाणूचा वापर विकसित केला आहे. तो इतर जीवांना अपाय करीत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र जुनाच आहे. निव्वळ सागाच्या रोपवनात अळीला सलग अन्न मिळते आणि मित्रकीटकांना आसरा मिळत नाही. सागासोबत धावडा, तेंदू, मोह आणि खालची झुडपे राखली, तर इतर अळ्यांवर पोसलेले मित्रकीटक तेथे वर्षभर टिकून राहतात. हवामान जिल्ह्याच्या हाती नाही. रोपवनात काय लावायचे आणि काय तोडायचे नाही, हे मात्र निश्चितच आहे.