हौदांच्या मागावर पेठांतून

सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. आता भोवती हिरवळ आणि भेळेच्या गाड्या आहेत, पण अठराव्या शतकात तिथं खरोखरच तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याच्या पात्रात नानासाहेब पेशव्यांनी ते करवून घेतलं आणि गावाकडे येणारा ओढा पश्चिमेला वळवून मुठेत सोडला. ओढा हटला, जमीन मोकळी झाली आणि वस्ती दक्षिणेकडे सरकत गेली.

पेठा पायी बघायच्या तर सुरुवात इथून करावी, असं माझं ठाम मत आहे. शनिवारवाड्यापासून निघालं की गोष्ट पेशव्यांपाशीच थांबते. पाण्याच्या मागानं गेलं की गाव कसं वसलं ते समजतं, आणि त्यासाठी मंडई, कसब्यापर्यंतची चारेक किलोमीटरची चाल पुरते.

गाव वाढलं तसं नदीचं पाणी पुरेना. मग 1749च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजला बांध घालून तिथलं पाणी गावात आणायचं काम हाती घेतलं. दगड, विटा आणि चुन्याचा हा नळ जमिनीखालून येतो. काही ठिकाणी तो इतका उंच आहे की माणूस उभ्यानं आत चालू शकेल. ना मोट, ना रहाट. कात्रज उंचावर, गाव खाली, एवढ्या उतारावर सगळं भागलं. वाटेत साफसफाईसाठी आणि हवेसाठी उच्छ्वास ठेवले, गाळ खाली बसावा अशी सोय केली. शनिवारवाड्यातली कारंजी याच पाण्यावर उडायची, आणि हेच पाणी काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद अशा हौदांतून पेठांना मिळायचं.

इथं चालणाऱ्याला एक गोष्ट कळते, जी रिक्षातून कळत नाही. भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई किती लांब जाऊ शकते, यावर हौदाची जागा ठरते. या पेठांतले बोळ, चौक, देवळं आणि दुकानं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत ती म्हणूनच. हे शहर पायांच्या मापानं बेतलेलं आहे. त्यात गाड्या कोंबल्या, हा आपला हट्ट.

पण पाणी गावात आलं म्हणजे सगळ्यांच्या ओंजळीत आलं असं नाही. सारसबागेकडून पूर्वेला गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत वळावं. तिथला फुले वाडा बुटका, साधा, अंगणाभोवती खोल्या असलेला आहे. जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या जातींना खुला केला. गावात एवढे हौद असताना एका माणसाला स्वतःच्या अंगणातला हौद असा उघडा करावा लागतो, यात त्या पाण्याची सगळी हकिकत आली. कात्रजच्या नळाचं कौतुक करणाऱ्यानं या अंगणात थोडा वेळ उभं राहावंच.

तिथून मंडई फार लांब नाही. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत 1886 साली खुली झाली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे फुले. पैसा शिक्षणाकडे वळवा, हे त्यांचं म्हणणं. आज मंडईला त्यांचंच नाव आहे.

पुढे फडके हौद चौकातून कसब्यात शिरलं की तांबट आळीचा आवाज कानावर येतो. त्यासाठी कामाचा दिवस निवडावा. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. कारागीर जमिनीवर बसून भांडं लोखंडी खुंट्यावर धरतो नि हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला टेकवत भांडं फिरवत नेतो. ओळ वाकडी जात नाही. याला माठारकाम म्हणतात. ते नुसतं नक्षीसाठी नसतं. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांडं पोचत नाही. हंडा, घागर, कळशी, बंब, म्हणजे पाणी भरण्या-तापवण्याची सगळी भांडी इथली. घरोघरी नळ आणि गिझर आले तशी त्यांची मागणी घटली, आणि आता तांबट दिव्यांपासून ताटांपर्यंत नव्या वस्तू घडवतात. घ्यायचं असेल तर घासाघीस न करता घ्यावं.

नदी इथून हाकेच्या अंतरावर आहे. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री मात्र पाणी दक्षिणेकडून, त्याच आंबील ओढ्यातून आलं. काठावरच्या वस्त्यांत माणसं गेली. ओढा अडवून, अरुंद करून बांधकामं होत राहिली त्याची ही किंमत. चालताना एखादा रस्ता उगाच खोलगट लागला, तर पाणी इथून कुठं जात असेल एवढं जरूर बघावं.

कात्रजचा नळ आज ठिकठिकाणी फुटला आहे, त्यात सांडपाणी शिरलं आहे. पायाखालून तो कुठून जातो, हे रस्त्यावर सहसा कुणी लिहून ठेवलेलं नाही. महापालिकेनं त्याच्या वाटेवर दगडी खुणा बसवाव्यात आणि उरलेले उच्छ्वास कुंपण घालून राखावेत. कुठल्याही सुशोभीकरणाआधी हे काम व्हायला हवं.