विंचवाचा दंश : आधी पाय चाचपून पाहा

काही दिवसांपूर्वी एक आई काचेच्या बरणीत कोंडलेला कोळी घेऊन दवाखान्यात आली. मोबाइलवर परदेशातील विषारी कोळ्यांची छायाचित्रे पाहून तिचा धीर सुटला होता. बरणीत होता तो रात्री भिंतीवर झुरळे टिपणारा, पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती बाळगणारा आपला नेहमीचा कोळी. तिला म्हणालो, "ताई, याला बाहेर सोडून द्या. मात्र घरामागे रचलेली लाकडे एकदा पाहून घ्या."

कारण बेळगाव, खानापूर, चंदगड या आपल्या टापूत लेकरांच्या जिवावर उठतो तो कोळी नव्हे, त्याच अष्टपाद कुळातील लाल विंचू. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर. तिचे पुढचे चिमटे जाड आणि शेपूट बारीक असते. तिच्या दंशाने वेदना होतात, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचू आकाराने लहान, चिमटे नाजूक, शेपूट मात्र जाड. तथापि अंधारात रंगरूप नीट दिसत नाही. म्हणून विंचू कोणताही असो, दंश झालेल्या मुलाला रुग्णालयात न्यावेच.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक रात्र मी विसरलेलो नाही. विंचू चावलेला सहा वर्षांचा मुलगा वडिलांनी खांद्यावरून आणला. तो रडत नव्हता, दुखतेय असेही म्हणत नव्हता. दोनदा उलटी झाल्याचे वडिलांनी सांगितले. मी मात्र "दुखत नाही, म्हणजे विष उतरले" असे म्हणून दुसऱ्या रुग्णाकडे वळलो. थोड्या वेळाने वयस्क परिचारिका जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, पोराचे पाय बर्फासारखे गार पडलेत. अंगही घामाने निथळतंय." मी धावलो. नाडी वेगाने चालली होती, रक्तदाब चढला होता.

पुस्तकात वाचलेले तेव्हा उमगले. दंशाच्या जागी असह्य ठणका आणि बाकी सर्व ठीक, असा रुग्ण बहुधा तरतो. उलटी, दरदरून घाम, गार हातपाय आणि मुलग्यांमध्ये शिश्नाचा ताठरपणा ही लक्षणे दिसली, तर ठणका थोडा असला तरी धोका मोठा. विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते.

यावरचा उपाय आपल्याच मातीत सापडला. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग केला. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये तो प्रसिद्ध झाला. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविषलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतात, असे दिसले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

त्या रात्री आम्ही त्या मुलाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने प्राझोसिन दिले, आडवेच ठेवले आणि दर तीन तासांनी मात्रा दिली. पहाटे त्याचे तळवे उबदार लागले. त्याने पाणी मागितले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. परिचारिकाबाईंचे आभार मात्र मी नीट मानलेच नाहीत, ही रुखरुख आजही आहे.

तरुण सहकाऱ्यांना विनंती, की ॲट्रोपिनच्या वाटेला जाऊ नये आणि लहान मुलाला किमान २४ तास देखरेखीखाली ठेवावे. पालकांनी चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्र-उतारा यांत घटका दवडू नये. दंशावर कापडात गुंडाळलेला बर्फ धरावा आणि मुलाला उचलून थेट रुग्णालय गाठावे.

घरात खबरदारी सोपी आहे. बूट, खुंटीवरचा गणवेश आणि अंथरूण झटकून घ्यावे. खाट भिंतीपासून दूर ठेवून मच्छरदाणी गादीखाली खोचावी. जळण, गोवऱ्या, नारळाची सोडणे आणि जांभ्या दगडांचे ढीग घराला लागून नसावेत. भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. रात्री अंगणात अनवाणी जाऊ नये. अतिनील प्रकाशाच्या विजेरीत विंचू हिरवट चमकतो, म्हणून ती जवळ असावी.

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण सहज म्हणतो. विंचवी आपली पिल्ले खरोखरच पाठीवर वाहते. तेव्हा एक मारला, की धोका टळला असे मानू नये.

आजही विंचू चावलेले मूल आले, की कुठे दुखते हे मी नंतर विचारतो. आधी त्याचे पाय हातात घेतो.