जुनी पर्स, नवा वाद : वापरलेल्या उंची वस्तू ऑनलाइन विकताना

एके काळी घरातील जुन्या साड्या बोहारणीला देऊन त्या बदल्यात स्टीलचे भांडे घेतले जाई. बोहारीण साडी उलटसुलट करून पाही, विरलेला भाग बोटाने दाखवी, काठाची जर तपासे आणि मग पातेल्याऐवजी वाटी पुढे करी. घासाघीस होई, क्वचित शब्दाला शब्दही लागे. पण वस्तू दोघींच्या डोळ्यांसमोर असे आणि वाद जिथे सुरू झाला तिथेच, दाराच्या उंबऱ्यावर, मिटत असे.

आता हाच व्यवहार इंटरनेटवर गेला आहे आणि त्यातील रकमाही वाढल्या आहेत. परदेशी नाममुद्रेची पर्स, नामवंत डिझायनरचा लग्नातील लेहंगा, इटालियन बनावटीचे बूट अशा एकदा-दोनदा वापरून कपाटात पडलेल्या वस्तू छायाचित्रे टाकून विकल्या जातात. एका पर्ससाठी पन्नास हजार किंवा लाख रुपयेही मोजले जातात. खरेदीदाराने वस्तू हातात घेतलेली नसते आणि विक्रेत्याने खरेदीदाराचे तोंड पाहिलेले नसते. साहजिकच वस्तू घरपोच झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. ‘वर्णनाप्रमाणे नाही’, ‘नकली आहे’, ‘माप बसत नाही’ अशा तक्रारी येतात. त्या नीट हाताळता आल्या नाहीत तर वस्तूही जाते आणि पैसेही जातात. म्हणून या व्यवहाराचे नियम आणि खाचाखोचा विक्रेत्याने आधीच समजून घेतलेल्या बऱ्या.

वाद नेमके कशावरून होतात?

बहुतेक तक्रारी चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार अस्सलपणाविषयीचा. दुसरा वस्तूच्या स्थितीविषयीचा, म्हणजे न सांगितलेला डाग, ओरखडा, वास किंवा बिघडलेली चेन. तिसरा मापाचा. फ्रेंच ३८, इटालियन ४२ आणि ब्रिटिश १० हे आकडे साधारण एकाच मापाचे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चौथा प्रकार वाहतुकीचा : पार्सल पोहोचलेच नाही, फुटून आले किंवा खोक्यात भलतीच वस्तू निघाली.

स्थितीविषयीच्या तक्रारींत आपल्याकडील हवेचाही वाटा असतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चामड्याला बुरशी येते. काही जुन्या पर्सचे आतील कृत्रिम अस्तर कालांतराने चिकट होते आणि त्याचा पापुद्रा सुटू लागतो. पॉलियुरेथेनचे तळवे असलेले बूट तर न वापरताही बिघडतात. हवेतील ओलाव्यामुळे त्या पदार्थाचे विघटन होत राहते आणि वर्षानुवर्षे खोक्यात जपलेला जोड पहिल्याच दिवशी पायाखाली भुगा होतो. ‘एकदाही वापरले नाहीत’ असे विक्रेता प्रामाणिकपणे लिहितो, आणि तरीही खरेदीदाराची तक्रार खरी असते. अशा वस्तूच्या वर्णनात खरेदीचे वर्ष लिहिणे आणि तळवा वाकवून पाहिल्याचे नमूद करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कायदा काय सांगतो?

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या परिचयाची आहे. जुन्या वस्तू विकणारे तीच ओळ इंटरनेटवर लिहितात आणि निर्धास्त होतात. मात्र या ओळीचे संरक्षण मर्यादित आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ नुसार, वर्णनावरून विक्री झाली असेल तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही अट करारात गृहीत धरली जाते. वस्तू जुनी असल्याने ही अट सुटत नाही. खरेदीदाराचे मन बदलले तर पाटीचा आधार घेता येईल; वर्णनच चुकले असेल तर तो लंगडा पडतो.

याच कायद्यातील आणखी दोन तरतुदी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कलम ४२ प्रमाणे, खरेदीदाराने वाजवी मुदत उलटून गेल्यावरही नकार कळवला नाही किंवा वस्तू स्वतःच्या मालकीची असल्यासारखी वापरली, तर त्याने ती स्वीकारली असे मानले जाते. पर्स लग्नसमारंभात मिरवून झाल्यावर ‘परत घ्या’ म्हणणाऱ्याची बाजू त्यामुळे दुबळी होते. कलम ४३ मात्र खरेदीदाराच्या बाजूचे आहे. नकार देण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने नकार कळवला की पुरे. वेगळे ठरले नसेल तर वस्तू परत पाठवण्याचे बंधन त्याच्यावर नसते. म्हणून परतीचे पार्सल कोणी पाठवायचे आणि कुरिअरचा खर्च कोणी सोसायचा, हे विक्रीपूर्वीच लेखी ठरवणे शहाणपणाचे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-वाणिज्याचे नियमही आले. कपाटातील एखादी पर्स हौसेखातर विकणारी व्यक्ती आणि नियमितपणे असा व्यवसाय करणारी व्यक्ती यांत हे नियम फरक करतात. वैयक्तिक स्वरूपात, व्यवसाय म्हणून नव्हे, अशी विक्री करणाऱ्याला ते लागू होत नाहीत. पण दर आठवड्याला नवा माल मांडणारा विक्रेता ‘मी तर घरूनच विकते’ असे म्हणून सुटू शकत नाही. सदोष, नकली किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. जुनी वस्तू नवी म्हणून विकणे हीही कायद्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथा आहे. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनकडे किंवा जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोग शुल्क आकारत नाही आणि ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. नागपूरच्या ग्राहकाच्या तक्रारीसाठी मुंबईच्या विक्रेत्याला नागपूरला खेटे घालावे लागू शकतात, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

संकेतस्थळांच्या मुदती

कायद्याखेरीज प्रत्येक बाजारपेठेचे स्वतःचे नियम असतात आणि रोजच्या व्यवहारात तेच अधिक बोचतात. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे अनुभवाने ठाऊक असेल. युरोपात लोकप्रिय असलेल्या ‘विंटेड’वर वस्तू मिळाल्यापासून दोन दिवसांत तक्रार करावी लागते. अमेरिकेतील ‘पॉशमार्क’वर ही मुदत तीन दिवसांची आहे. भारतात २०२१ मध्ये आलेल्या या कंपनीने २०२३ मध्ये येथून काढता पाय घेतला. ‘ईबे’वर मात्र खरेदीदाराला ३० दिवस मिळतात, विक्रेत्याने ‘परत घेत नाही’ असे लिहिले असले तरी वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यावी लागते आणि परतीचा खर्चही त्यालाच सोसावा लागतो.

काही ठिकाणी मुदत संपेपर्यंत पैसे संकेतस्थळाकडे अडकून राहतात, ही व्यवस्था दोघांच्याही हिताची आहे. समाजमाध्यमांवरील थेट विक्रीत ही ढाल नसते. तिथे पैसे एकदा खात्यात गेले की खरेदीदार विक्रेत्याच्या सद्सद्विवेकावर विसंबून असतो, आणि वस्तू एकदा कुरिअरकडे दिली की विक्रेताही खरेदीदाराच्या. चार पैसे दलाली वाचावी म्हणून संकेतस्थळाबाहेर व्यवहार करू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

पाठवण्यापूर्वीच पुरावा

वाद जिंकला जातो तो बहुधा तक्रार येण्यापूर्वी. दिवसाच्या उजेडात काढलेली छायाचित्रे, त्यांत चारही कोपरे, हँडलच्या कडा, अस्तर, चेन आणि अंकमुद्रा. दोष झाकण्याऐवजी जवळून दाखवावा, शेजारी फूटपट्टी ठेवावी. कपड्याचे माप आकड्यात न सांगता छाती, कंबर, उंची सेंटिमीटरमध्ये द्यावी. ‘उत्तम स्थितीत’ या शब्दांना प्रत्येकाचा अर्थ निराळा. ‘उजव्या तळकोपऱ्यावर अर्ध्या सेंटिमीटरचा ओरखडा’ याला एकच अर्थ.

वस्तू बांधताना सलग चित्रफीत घ्यावी : अंकमुद्रा, दोष, खोक्यात ठेवणे, चिकटपट्टी लावणे आणि कुरिअरच्या पावतीवरील वजन, सारे एका ओघात. महागड्या वस्तूला, एकदा तोडले की पुन्हा लावता येत नाही असे सील बाहेरून दिसेल अशा जागी लावावे आणि ‘हे सील तोडल्यास वस्तू परत घेतली जाणार नाही’ अशी अट आधीच सांगावी. एका समारंभापुरते वापरून परत करण्याच्या युक्तीला तर यामुळे आळा बसतोच. अस्सल पर्स ठेवून तशीच दिसणारी नकली परत पाठवण्याचा डावही फसतो. सील शाबूत असतानाही वर्णन चुकले असेल, तर वस्तू परत घेण्याची जबाबदारी अर्थातच कायम राहते.

तक्रार आली, आता काय?

समजा, ठाण्यातील एका गृहिणीने सत्तर हजारांना पर्स विकली आणि तिसऱ्या दिवशी पुण्याहून संदेश आला : ‘आतील कप्प्याचे अस्तर चिकट आहे, पैसे परत करा.’ पहिली प्रतिक्रिया रागाची असते. ती आवरून त्याच दिवशी, लेखी आणि संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच उत्तर द्यावे. दोषाची, अंकमुद्रेची आणि सीलची छायाचित्रे मागवावीत व आपल्या चित्रफितीशी ताडून पाहावीत.

त्यानंतर प्रश्न एकच : हा दोष वर्णनात सांगितला होता का? सांगितला असेल तर तो संदर्भ दाखवून नम्रपणे नकार द्यावा. सांगितला नसेल आणि दोष खरा असेल, तर पूर्ण परतफेड हाच न्याय्य मार्ग. मात्र खरेदीदाराला पर्स ठेवायची असेल तर दुरुस्तीइतकी रक्कम परत करून प्रकरण मिटवता येते. अस्तर बदलण्यास सहा हजार लागणार असतील तर तेवढे देणे, दोन्ही बाजूंचे कुरिअर, विमा आणि पुन्हा विक्रीची खटपट यांपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. अशी तडजोड ‘या रकमेत तक्रार पूर्णपणे निकाली निघाली’ या वाक्यासह लेखी करावी.

पूर्ण पैसे परत करायचे ठरले तर आधी वस्तू हाती येऊ द्यावी. परतीचे खोके उघडतानाही चित्रफीत घ्यावी, सील आणि अंकमुद्रा तपासावी, आणि मगच ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात ते परत करावेत. खरेदीदाराने कार्डाच्या बँकेकडेही त्याच रकमेसाठी दावा लावला आहे का, हे विचारून घ्यावे. नाहीतर एकाच पर्सचे पैसे दोनदा परत करण्याची पाळी येते.

‘नकली आहे’ म्हटल्यावर

हा आरोप सर्वांत नाजूक. भेट मिळालेली किंवा दुसऱ्याकडून घेतलेली पर्स नकली असल्याचे विक्रेत्यालाही ठाऊक नसू शकते. केवळ अंकांवर विसंबू नये. लुई व्हितॉंच्या २००७ नंतरच्या पर्समधील चार अंकांत पहिला व तिसरा अंक आठवडा, तर दुसरा व चौथा वर्ष सांगत. १०२८ म्हणजे २००८ चा बारावा आठवडा. पण हा अंक उत्पादनाचा काळ सांगतो, प्रत्येक पर्सला स्वतंत्र नसतो, आणि नकली माल बनवणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो. २०२१ पासून या कंपनीने आणि शनेलनेही सूक्ष्म चिपचा मार्ग धरला. अशा वेळी दोघांना मान्य असलेल्या त्रयस्थ तपासनिसाकडे वस्तू पाठवावी आणि ज्याचे म्हणणे खोटे ठरेल त्याने शुल्क द्यावे, हा व्यवहार्य तोडगा आहे. मूळ खरेदीची पावती असेल तर निम्मे काम तिथेच होते.

न्यायालयेही या बाबतीत कडक आहेत. २०१८ मध्ये ख्रिश्चन लूबूटँ या बूट कंपनीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने उंची वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळाला विक्रेत्यांची संपूर्ण माहिती देण्यास आणि माल अस्सल असल्याचे त्यांच्याकडून प्रमाणपत्र घेण्यास फर्मावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने शनेलच्या दाव्यात जुन्या वस्तूंच्या एका नामांकित विक्रेत्याविरुद्ध ४० लाख डॉलरचा कौल दिला. आपल्याकडील व्यापारचिन्ह कायद्यात खोट्या चिन्हाचा माल विकण्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वाजवी काळजी घेतली होती, संशयास कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला ते सांगितले, तर बचावाला जागा असते. पण नकली असल्याचे कळल्यावर तीच पर्स दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्याला हा बचाव उरत नाही. पैसे परत करून ती वस्तू बाजारातून कायमची काढून घ्यावी.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा संदेश आला की समजावे, समोरचा खरेदीदार नव्हे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही; पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

जुन्या वस्तूंचा बाजार मुळात विश्वासावर चालतो, पण अनोळखी माणसांतील विश्वासाला कागदाची जोड लागते. स्पष्ट वर्णन, लेखी अटी, जपून ठेवलेली चित्रफीत आणि चूक आपली असेल तर तत्काळ परतफेड, एवढे पाळणाऱ्या विक्रेत्याला तक्रारी येणार नाहीत असे नाही. मात्र आलेली तक्रार त्याला महाग पडणार नाही, आणि आज पैसे परत मिळालेला खरेदीदार उद्या त्याच्याकडेच पुन्हा येण्याची शक्यता अधिक.