जुनी फटफटी किती देते?

म्हैस विकत घेताना गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती देते?’ हाच, आणि मोटारसायकलीविषयीही आपल्याकडे तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला जातो. फरक इतकाच की, म्हशीचे दूध मापून पाहण्याची चाल घरोघर आहे, गाडीचे ‘देणे’ मात्र बहुधा कोणी मापीत नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत तर हा आकडा कुलवृत्तांतासारखा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे तोंडीच येतो. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानिली आहेत; आमच्या जामनेरात फटफटीच्या ॲव्हरेजपुरते तरी शब्दप्रमाणाचेच राज्य चालते.

हा विषय केवळ हौशी तरुणांचा आहे असे वाचकांनी समजू नये. एकत्र कुटुंबात पेट्रोलचा खर्च सामाईक पैशांतून होतो, आणि ओसरीला उभी असलेली वडिलांच्या हातची गाडी हे बहुधा वादाचे मूळ असते. धाकटे म्हणतात, ती पेट्रोल पिते, मोडीत काढा. थोरले म्हणतात, अशी गाडी आता पुन्हा मिळावयाची नाही. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, पण हिशेबाची वही कोणापाशीच नसते. ती वही कशी ठेवावी व तिच्यातून काय निष्पन्न होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्यांची घडण पेट्रोल स्वस्त होते त्या काळातील आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. इंग्लंडातील रेडिच गावची रॉयल एनफील्ड व आपली मद्रास मोटर्स यांनी मिळून १९५५ साली मद्रासेस एनफील्ड इंडिया काढिली आणि साडेतीनशे सी.सी.ची बुलेट येथे तयार होऊ लागली. चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडी रुस्तम व फारुख इराणी यांनी म्हैसुरास बांधावयास घेतली. तो कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि पुढे येझदी या नावाने त्या गाड्या १९९६ पर्यंत निघत राहिल्या. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या नमुन्यावरची. दुधाच्या कॅन दोहो बाजूंस लटकावून खेडोपाडी हिंडणारी ती हीच. ह्या गाड्यांच्या कर्त्यांनी मजबुती पाहिली, ओझे पाहिले, खड्ड्यांतून सुखरूप बाहेर पडणे पाहिले. लिटरमागे चार किलोमीटर कमी पडले तर त्याची त्यांस फारशी खंत नव्हती.

पुढे १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेल आवळून धरिले, आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जगभर सुमारे चौपट झाला. त्याच्या आदल्याच वर्षी अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) फिरोदियांच्या कायनेटिक कारखान्यातून पन्नास सी.सी.ची लूना बाहेर पडली होती. तिला ह्या महागाईने जणू आपोआपच प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि कित्येक शिक्षिका व गृहिणी प्रथमच आपल्या वाहनावर बसल्या त्या तिच्याचमुळे. ‘किती देते?’ हा प्रश्न तेव्हापासून बाजारावर सत्ता गाजवू लागला. १९८३ साली आलेली राजदूत ३५० वाऱ्यासारखी पळे, परंतु पेट्रोलही तशीच पिई. तिचे आज कौतुक करणारे पुष्कळ आहेत, त्या वेळी घेणारे मात्र थोडे निघाले. उलट १९८५ साली आलेली हीरो होंडाची सी.डी. १०० काटकसरीच्या कीर्तीवरच घरोघर पोचली.

ह्या दोन जातींत मूळ भेद कोणता, तो गृहिणींनाही सहज समजण्यासारखा आहे. जावा, येझदी, राजदूत, जुनी यामाहा ह्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या सिलिंडरला बुलेटसारख्या उघडझाप करणाऱ्या झडपा नसतात. भिंतीलाच खिडक्या असतात. पिस्टन खाली गेला की त्या उघडतात; एकीतून जळालेला धूर बाहेर पडतो आणि त्याच वेळी दुसरीतून पेट्रोल व हवा यांचे ताजे मिश्रण आत शिरते. पुढच्या दाराने पाहुणा येत असता मागचे दारही सताड उघडे असावे तसा हा प्रकार. ताज्या मिश्रणाचा पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. हा तोटा मुळातलाच असल्यामुळे मिस्त्रीने कितीही हात चालविला तरी तो पुरता भरून निघत नाही. शिवाय पेट्रोलबरोबर तेलही जळते, ते निराळेच. धुराचे नियम १९९६ व २००० या वर्षी कडक झाले, तेव्हा ही जात मागे पडली ती ह्याच कारणाने. बुलेट ही फोर-स्ट्रोक; तिच्यात असे मिश्रण वाया जात नाही, परंतु दीडशे किलोंहून अधिक वजन ओढावयाचे म्हणजे खर्च हा आलाच. सुस्थितीतील जुनी बुलेट लिटरला तीस ते पस्तीस किलोमीटर, अडीचशे सी.सी.ची जावा-येझदी तीसच्या मागेपुढे, आणि शंभर सी.सी.ची यामाहा आर.एक्स. चाळीसच्या थोडी पुढे जाते, असे मानावयास हरकत नाही. याहून फार मोठा आकडा कोणी सांगितला, तर वही पाहावयास मागावी.

आता मोजणीविषयी. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. निदान दोनशे किलोमीटर हिंडल्यावर त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावी. आणि धावलेल्या किलोमीटरांस दुसऱ्या खेपेच्या लिटरांनी भागावे. भरताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी असावी. साइड स्टँडवर कलती ठेविली तर पाव लिटर इकडचे तिकडे होते. सहा-सात लिटरांत पाव लिटराची चूक तीनचार टक्क्यांवर भागते. तीच चूक एका लिटरावर पंचवीस टक्क्यांची होते. गाडी रिझर्व्हला लागली की एक लिटर घालावयाचे आणि पुन्हा रिझर्व्हला लागेतो मोजावयाचे, ही आपल्याकडील लोकप्रिय रीत म्हणूनच कुचकामाची. चढ-उतारावर पेट्रोल मागेपुढे सरकले की नळ कधी लवकर रिझर्व्ह मागतो, कधी उशिरा.

दुसरी गोष्ट, जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. चाकाला मूळ मापाचा टायर नसेल तर तो आकडा खुशाल खोटे सांगतो. जळगावच्या रस्त्याने दहा किलोमीटरचे दगड मोजून त्याच्याशी ताडून पाहावे. आणि मोजणी जाऊन-येऊन करावी. पहूरवरून फर्दापुरास जाऊन अजिंठ्याचा घाट चढलात, तर चढतानाचा आकडा पाहून गाडी विकावीशी वाटेल आणि उतरतानाचा पाहून देव्हाऱ्यात ठेवावीशी वाटेल.

आमच्या घरी अडीचशे सी.सी.ची एक जुनी टू-स्ट्रोक गाडी आहे. आमच्या थोरल्या बंधूंच्या मते ती चाळीस देत असे. पुतण्याने दोन महिने वही ठेविली तेव्हा अठ्ठावीस निघाले. बंधूंनी दोन दिवस पेट्रोलचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र गाडी स्वतः मिस्त्रीकडे नेली. येथील ते वृद्ध मिस्त्री कमी बोलतात. त्यांनी प्रथम प्लग काढून दाखविला. तो काजळीने काळाकुट्ट होता. योग्य मिश्रण जळत असेल तर तो विटकरी-तपकिरी दिसावयास हवा. कार्ब्युरेटरातील सुई व जेट झिजून पेट्रोल जास्त सुटत होते, हवेची जाळी धुळीने बुजली होती, सायलेन्सरात काजळीचा थर बसला होता, आणि मागचा ब्रेक चाकाला सतत घासत होता. टायरांत हवा कमी होती, ही गोष्ट तर कोणीही घरबसल्या पाहू शकला असता. एवढे सारे झाल्यावर वहीत तेहेतीस आले. चाळीस आले नाहीत, आणि आमच्या मते पूर्वीही येत नसावेत.

हाकणाऱ्याच्या हाती मिस्त्रीइतकेच असते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी पंचेचाळीसऐवजी पासष्टने गाडी पळविली, तर तो दुपटीहून अधिक होतो. तरुणांस हे सांगून उपयोग होतो असा आमचा अनुभव नाही. वहीतला आकडा दाखविला तर क्वचित होतो.

आता मुख्य हिशेब. जुनी गाडी तीस देते व नवी शंभर सी.सी.ची साठ देते असे धरू. पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरू. घरातील कोणी नोकरीसाठी रोज जामनेरहून जळगावास जात-येत असेल तर महिना हजार किलोमीटर सहज होतात, किंबहुना अधिकच. जुनीला तेहेतीस लिटरांहून थोडे जास्त लागते, नवीला सतरा पुरतात. महिन्यास सुमारे सोळाशे सत्तर, वर्षास वीस हजार रुपयांचा फरक पडतो. नवी गाडी ऐंशी हजारांस पडली तर चार वर्षांत ती किंमत भरून निघते, तेलाचा खर्च धरिला तर त्याच्याही आधी. येथे थोरल्यांनी हट्ट धरू नये. पण तीच जुनी गाडी केवळ मळ्यात, बाजारात, स्टेशनावर अशी महिना दीडशे किलोमीटर फिरत असेल, तर फरक अडीचशे रुपयांचा, म्हणजे वर्षास तीन हजारांचा. नव्या गाडीचे पैसे निघावयास सव्वीस-सत्तावीस वर्षे लागतील. तोवर ती नवी गाडीही जुनी होईल! येथे धाकट्यांनी पेट्रोलचे निमित्त सांगू नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते व हरित कर भरावा लागतो, तेवढा मात्र ह्या हिशेबात जमेस धरावा.

पेट्रोलविषयी थोडे. पहाटे थंड पेट्रोल भरले की जास्त मिळते ही समजूत आमच्याकडे उन्हाळ्यात फार. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग फुगते हे खरे. परंतु पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिचे तापमान सकाळ-दुपार फारसे बदलत नाही. पहाटेची झोप मोडण्याइतका लाभ त्यात नाही. खरा तोटा आहे तो पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, सैल झाकणाची गाडी दिवसभर उभी करण्यात. रॉकेल मिसळण्याची जुनी युक्ती तर कोणी पुन्हा सुचवू नये. वाचलेले पैसे पिस्टनवर जातात.

पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोनतृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणून मिश्रणात ती सुमारे सात टक्क्यांनी उणी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींना तीन ते चार टक्के घट सांगितली आहे. तेव्हा वहीत तीसच्या जागी एकोणतीस आले तर मिस्त्रीशी भांडू नये. जुन्या रबरी नळ्या व वायसर मात्र ह्या मिश्रणाने फुगतात; ते बदलून घ्यावेत, आणि इंजिन फार तापू लागले तर जेट एक नंबर मोठे घालावे. इथेनॉल हवेतील ओल शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहावयाची असेल तर आषाढ लागण्यापूर्वीच टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामी करून ठेवावीत, नाहीतर दिवाळीत टाकीच्या तळाशी पाणी व गंज निघतो.