७६, टॉटर्स लेन

धुक्याची रात्र. गस्तीवरचा पोलीस एका फाटकापाशी थांबतो, ते चाचपून पाहतो आणि पुढे जातो. फाटकावर पाटी आहे : आय. एम. फोरमन, भंगार व्यापारी, ७६, टॉटर्स लेन. तो गेल्यावर फाटक आपोआप उघडतं. आत मोडक्या सामानाच्या ढिगात पोलिसांना फोन करण्याची एक उभी पेटी मंद गुणगुणत असते. बाहेरून कपाटाएवढी, आतून दिवाणखान्याहून प्रशस्त. हीच टार्डिस, कथानायक 'डॉक्टर'चं काळात आणि अवकाशात फिरणारं यान.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही विज्ञानमालिका अशी सुरू झाली. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने अनेकांचं लक्ष त्या बातमीकडे होतं, म्हणून आठवड्याने हा भाग पुन्हा दाखवला गेला. दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले, २४ वर्षांचे वारिस हुसेन.

'टॉटर' म्हणजे लंडनच्या बोलीत दारोदार फिरून चिंध्या-भंगार गोळा करणारा. विश्वाच्या प्रवासाची सुरुवात वेधशाळेत किंवा राजवाड्यात न होता भंगारवाल्यांच्या गल्लीत झाली, ही कल्पनाच मला फार मोलाची वाटते.

पुढे या मालिकेने खरं लंडनही व्यापलं. १९६४मध्ये डॉक्टरचे परग्रही शत्रू डालेक वेस्टमिन्स्टर पुलावरून सरकले. १९६८मध्ये सायबरमेन हे यंत्रमानवी शत्रू सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या पायऱ्या उतरले. १९७०मध्ये दुकानांच्या काचांमागचे पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर आले. संकट ओळखीच्या रस्त्यावर आलं की घरात बसलेल्या पोराला ते खरं वाटतं. या दृश्यांची ताकद त्यातच आहे.

पण कथा पुन्हा पुन्हा वळली ती काल्पनिक टॉटर्स लेनकडेच. १९८५मध्ये टार्डिस फोरमनच्या त्या भंगाराच्या वखारीत परतली. १९८८मध्ये, मालिकेच्या पंचविसाव्या वर्षी, कथाच १९६३मध्ये गेली : तीच वखार, पहिल्या भागातलीच जवळची कोल हिल शाळा. फाटकावरच्या 'फोरमन'मधलं एक इंग्रजी अक्षर मात्र या वेळी गळलं होतं. चाहत्यांनी ते बरोब्बर हेरलं.

२०१३च्या सुवर्णमहोत्सवी भागाची सुरुवात पुन्हा गस्तीवरच्या पोलिसाने होते. शाळेच्या फलकावर नियामक मंडळाचे अध्यक्ष म्हणून नाव आहे आय. चेस्टरटन. हेच १९६३च्या पहिल्या भागातले त्या शाळेचे विज्ञानशिक्षक, आपल्या विद्यार्थिनीच्या काळजीने त्या वखारीत शिरलेले. पन्नास वर्षांचं आयुष्य फलकावरच्या एका ओळीत मावलं.

लेखक बदलले, नट बदलले, कृष्णधवल पडदा रंगीत झाला. पत्ता मात्र पिढ्यांनी जपला. जागेला इतिहास मिळतो तो माणसं तिथे परत येत राहतात म्हणून. टॉटर्स लेनला तो असाच मिळाला.

साठच्या दशकातले या मालिकेचे अनेक भाग बीबीसीने पुसून टाकले, ते आज उपलब्ध नाहीत. टॉटर्स लेनचा पहिला भाग मात्र शाबूत आहे. जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे, जरूर पाहा.