घरांतील आवाज आणि जुना मिक्सर

वरवट बकालसारख्या गांवीं एके काळीं पहांटे जात्यावरच्या ओव्यांनीं घर जागें होत असे. आतां पीठ गिरणींतून येतें आणि त्या ओव्या तोंडपाठ असणाऱ्या आजीबाई फार थकल्या आहेत. त्यांचा आवाज टिपून ठेवावा, असें घरांतील तरुणांस मनापासून वाटतें. परंतु त्याच सुमारास त्यांच्या कानीं एक मत पडतें, तें असें कीं, जुन्या बनावटीचा मोठा मिक्सर घरीं आणल्यावांचून ध्वनिमुद्रणास गोडी येत नाहीं. हें कितपत खरें आहे, तें पाहूं.

हा मिक्सर अर्थातच स्वयंपाकघरांतला नव्हे! मायक्रोफोनांतून निघणारा विजेचा संकेत अतिशय क्षीण असतो. तो हजार पटींपर्यंत वाढविणें, त्यांतील खर्ज व तार स्वरांचें प्रमाण कमीजास्त करणें आणि निरनिराळे आवाज एकत्र जुळविणें, हीं त्याचीं कामें होत. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान गायल्या, तेव्हां यांपैकीं कांहींच नव्हतें. कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. १९२५ च्या सुमारास विजेचें ध्वनिमुद्रण आलें आणि हलक्या आवाजासही मान मिळाला. पुढें १९७० सालीं इंग्लंडांत रुपर्ट नीव्ह यांच्या कारखान्यानें १०७३ या क्रमांकाचा संच काढला. त्याची कीर्ति अद्याप ओसरलेली नाहीं. त्यांतील ट्रान्सफॉर्मर व ट्रान्झिस्टर यांवर भार वाढला कीं मूळ स्वरांत त्याच्या पटींतील सूक्ष्म स्वर मिसळतात आणि आवाज भरदार वाटतो. तेव्हां ही गोडी केवळ भ्रम नव्हे.

पण तिचें मोलही जाणून घ्यावें. जुन्या यंत्रांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षें सुकत जातात. उष्णता दहा अंशांनीं वाढली, तर त्यांचें आयुष्य ढोबळ मानानें निम्में होतें. आणि वऱ्हाडच्या मैदानांत उन्हाळ्यांत पारा चाळिसांपलीकडे जातो. धुळीमुळें खालवर सरकणाऱ्या खुंट्या करकरतात, आणि अर्थिंग सदोष असलें तर प्रत्येक गाण्यामागें विजेची घरघर उमटते. जवळ कसबी दुरुस्तीकार नसेल, तर हजारों रुपयांची ही हौस माळ्यावर जाऊन बसावयाची.

आणि एकट्या आजीबाईंच्या ओवीस मायक्रोफोन तरी किती लागणार? एक, फार तर दोन! हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनीं पुण्याहून गांवोगांवच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील पुष्कळ ओव्यांचें ध्वनिमुद्रण बर्नार बेल यांच्या साह्यानें गांवींच, त्या बायकांच्या परिचित जागीं झालें. तेथें मोठा मिक्सर कोठून असणार? तरीही ते आवाज ऐकतांना मन भरून येतें.

म्हणून आमची सूचना अशी. ज्यांस जुन्या यंत्राची खरोखर आवड आहे, त्यांनीं अखंड मिक्सर न घेतां तशा बनावटीचे एक-दोन संच घ्यावेत. मात्र मूळ आवाजाची कांहींही फेरफार न केलेली एक प्रत वेगळी राखावी. कारण घातलेला मसाला मागून काढतां येत नाहीं. घराची दारें-खिडक्या लावाव्यात, पंखा बंद करावा, जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवावा. एवढ्यानेंच निम्में काम होतें.

यंत्र पुढच्या वर्षींही मिळेल. आजीबाईंस मात्र आजच गावयास सांगावें.